बत्तीस मिनिटं

“घोरणं चौऱ्याण्णव टक्के,” मी वाचलं.

“शंभरातले?” आईनं विचारलं.

“हो.”

“दहावीला तुला तरी पडले होते का गं एवढे?”

अण्णा हसले नाहीत, कारण त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. आमच्या घरात खाली कापडाचे आठ यंत्रमाग आणि वर आम्ही तिघं. इचलकरंजीत आमच्या गल्लीतली निम्मी घरं अशीच आहेत. माग चालू असले की मांडणीवरच्या वाट्या बारीक थरथरतात आणि बोलायचं ते सगळं वरच्या पट्टीत. मागांपाशी चाळीस वर्षं काढून अण्णांचा एक कान जवळपास गेलेला. आईनं त्यांच्याकडे तोंड करून, ओठ दिसतील असं, तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग ते हसले.

तो सोमवार होता. गुरुवारी आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. दीड वर्षं तिच्या अंगावरून जात होतं, गाठी निघाल्या होत्या. आठावर गेलेलं हिमोग्लोबिन इंजेक्शनं घेऊन कसंबसं दहावर आणलं होतं. तिला त्यातून एकदाचं सुटायचं होतं. पण आधीच्या आठवड्यात भूल देणाऱ्या डॉक्टर नेजकर मॅडमनी तिला तपासायला बोलावलं, आणि रक्तदाबाचा पट्टा दंडाला असतानाच आई खुर्चीत झोपली. मॅडमनी पट्टा सोडला, टेप घेऊन तिच्या गळ्याचा घेर मोजला आणि मला विचारलं, “घोरतात का या?”

“माहीत नाही.”

“एकाच घरात राहता ना?”

“खाली माग आहेत,” मी म्हणाले.

मॅडम इचलकरंजीच्याच. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, “झोपेत यांचा श्वास अडकत असेल, तर भुलीच्या औषधानं तो आणखी अडकणार. ते मला आधी कळायला हवं. झोपेची तपासणी करून घ्या.”

शुक्रवारी संध्याकाळी एक तंत्रज्ञ घरी येऊन आईच्या छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी आणि बोटाला चिमटा लावून गेले. सगळं एका छोट्या डबीला जोडलेलं. “रोजच्यासारखं झोपा,” एवढीच सूचना. आई रोजच्यासारखी झोपली.

अहवालावर कोल्हापूरच्या डॉक्टर अत्तारांची सही होती. तासाला सरासरी एकेचाळीस वेळा श्वास थांबतो किंवा तोकडा पडतो. ऑक्सिजन शंभरातला चौऱ्याहत्तरपर्यंत खाली. तीव्र स्वरूपाचा विकार. दाबाची हवा देणारं मशीन सुरू करावं आणि ऑपरेशनपूर्वी भेटावं.

“मशीन म्हणजे कसलं?” आईनं विचारलं.

मी फोनवर चित्र शोधून दाखवलं. एक माणूस शांत झोपलेला, नाकातोंडावर मास्क, त्याला जाड नळी. आईनं फोन हातात घेतला, क्षणभर बघितला आणि ओट्यावर पालथा ठेवला.

“हे विलासच्या तोंडावर होतं,” ती म्हणाली.

विलासमामा आईचा पाठचा भाऊ. आदल्या वर्षी कोविडमध्ये गेला. अकरा दिवस मास्कवर होता, आणि आईनं त्याला त्या अकरा दिवसांत दोनदा, व्हिडिओ कॉलवर, बघितलं होतं.

“मला हे नको. हे लावणार असतील तर ऑपरेशन पण नको. गेलं तर जाऊ दे अंगावरून.”

ती भाजी निवडायला बसली आणि माझ्या हातात तो अहवाल राहिला.

शेवटच्या पानावर आलेख होता. अख्खी रात्र आडव्या सहा ओळींत मांडलेली: नाकातली हवा, छातीचा पट्टा, घोरणं, ऑक्सिजन, नाडी आणि कूस. मी त्याच वर्षी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. माझा प्रकल्प कंपनं मोजणाऱ्या सेन्सरवर होता, म्हणजे नको असलेला आवाज कुठला आणि हवा असलेला कुठला, हे वेगळं करण्याचं काम मी सहा महिने केलं होतं. त्यामुळे घोरण्याची ओळ बघून मी थांबलेच. दहा ते सहा सलग काळा पट्टा, एकाच उंचीचा. कुठलाही माणूस आठ तास एकाच उंचीनं घोरत नाही. आणि पहाटेच्या बाजूला त्या पट्ट्यात सेंटीमीटरभर पांढरी फट होती, करवतीनं कापल्यासारखी.

“अण्णा,” मी त्यांच्या चांगल्या कानाशी गेले, “शुक्रवारी रात्री लाइट गेली होती?”

“गेली की. तीन वाजून दहा मिनिटांनी. पावणेचारच्या आत आली.”

“नक्की तीन दहा?”

“मागवाल्याला लाइट गेल्याची वेळ विचारतीस व्हय?” त्यांना ते लागलंच. “तीन दहाला गेली, तीन बेचाळीसला आली. बत्तीस मिनिटं सगळे माग गप. मी पायरीवर बसून होतो.”

मी पट्टी घेऊन फट मोजली. तीन दहा ते तीन बेचाळीस.

“आई!” मी ओरडले. “तू घोरत नव्हतीस! माग घोरत होते!”

त्या संध्याकाळी मी दोन पानांचा कागद लिहिला. डबीतल्या मायक्रोफोननं आईचं घोरणं नव्हे, मागांचा आवाज टिपला. माग बंद झाले त्या बत्तीस मिनिटांत ओळ कोरी आहे, हा त्याचा पुरावा. ज्या जमिनीवर आई झोपली ती सतत थरथरत होती. अशा कंपनात नाकातली नळी आणि छातीचा पट्टा चुकीचं मोजू शकतात. बोट हललं की चिमटा ऑक्सिजन खोटाच कमी दाखवतो, हेही नोंदलेलं आहे. दिवसा येणारी झोप रक्त कमी असल्यानं येऊ शकते. एकेक वाक्य सुटं घेतलं तर त्यातलं एकही खोटं नव्हतं. खाली मी माझं नाव आणि पदवी लिहिली.

आई त्या रात्री व्यवस्थित जेवली. मिरजेच्या मावशीला फोन लावून म्हणाली, “आमच्या रेवतीनं मशीनची चूक काढली. मशीनला मागाचा आवाज कळला न्हाई. म्हणे तीव्र! तीव्र काय, आमची गल्लीच तीव्र आहे.”

मंगळवारी सकाळी मी तो कागद घेऊन नेजकर मॅडमकडे गेले. त्यांनी तो ऑपरेशन थिएटरच्या बाहेर उभ्या उभ्याच वाचला. आलेखाशी लावून फट बघितली.

“हे छान पकडलंस,” त्या म्हणाल्या. “घोरण्याची ओळ बाद, हे मला पटलं. बाकीच्या ओळी नीट बघितल्यास ना?”

“हो,” मी म्हणाले.

“मग मला तपासणी पुन्हा करून घ्यायला आवडेल, शांत जागी. पण त्यात पंधरा दिवस जातील.”

“आई थांबायला तयार नाही, मॅडम.”

त्यांनी थोडा विचार केला. “अत्तार सर परगावी आहेत, उद्या रात्री येतील. त्यांना फोनवर हे सांगते. त्यांची हरकत नसेल तर गुरुवारी घेऊ.” आणि त्यांनी माझा कागद आईच्या फाईलला लावला.

मी त्या तंत्रज्ञांकडून मूळ नोंदींची फाईलही मागवली होती. गरज अशी नव्हती. छापील पानावरची ती फट फार लहान दिसत होती; मला तिचं मोठं, स्वच्छ चित्र काढून आमच्या विभागातल्या सरांना पाठवायचं होतं. फाईल मंगळवारी दुपारी आली. जेवणं झाली होती. आई स्वयंपाकघरात चटईवर आडवी झाली होती, अण्णा ताकाचा पेला घेऊन माझ्यामागे उभे होते. मी लॅपटॉपवर तीन दहा ते तीन बेचाळीस एवढाच तुकडा उघडला आणि तो पूर्ण पडदाभर ताणला.

छापील कागदावर त्या पांढऱ्या फटीत बारीक ठिपके होते. मी ते प्रिंटरचे डाग समजले होते. पडद्यावर ते ठिपके उलगडले. प्रत्येक ठिपका म्हणजे आवाजाचा एक छोटा झुबका होता, तीनचार श्वासांचा. आणि दोन झुबक्यांच्या मधे काहीच नाही.

“हे काय?” अण्णांनी झुबक्यावर बोट ठेवलं.

“आवाज. माग बंद असतानाचा.”

“म्हणजे मालनचा.”

“हो. थोडं घोरली असेल.”

“आणि हे मधलं मोकळं?”

“ते काही नाही, अण्णा. शांतता.”

“किती वेळ?”

मी मोजलं. “तीस सेकंद. हे दुसरं पस्तीस.”

“काही न्हाई कसं? चालणारी वस्तू मधेच गप का होतीय?” ते वाकून बघायला लागले. “मी खाली आठ माग बघतो. आवाजाकडं माझं लक्ष नसतं. आवाज आहे म्हणजे बरं चाललंय. आठातला एक गप झाला की मी उठतो. धागा तुटलेला असतो.”

मी घोरण्याच्या ओळीखाली बाकीच्या ओळी लपवून ठेवल्या होत्या; त्या एकेक करून उघडल्या.

नाकातल्या हवेची ओळ प्रत्येक शांततेत सपाट होती. छातीचा पट्टा मात्र हलत होता, म्हणजे छाती श्वास ओढायची धडपड करत होती आणि हवा आत जात नव्हती. ऑक्सिजनची ओळ प्रत्येक शांततेनंतर थोड्या उशिरानं घसरत होती, त्र्याण्णववरून ब्याऐंशीला, आणि झुबका आला की पुन्हा वर चढत होती. वीज नव्हती. माग बंद होते. जमीन हलत नव्हती. कंपनाचं म्हणून मी जे जे लिहिलं होतं, त्यातलं काहीही त्या बत्तीस मिनिटांत लागू नव्हतं. एका ओळीचा खोटेपणा सिद्ध करायला मी जी बत्तीस मिनिटं वापरली होती, त्याच बत्तीस मिनिटांनी बाकीच्या ओळी खऱ्या ठरत होत्या. आणि मी त्या बघितल्याच नव्हत्या.

मी शांतता मोजल्या. तेवीस. बत्तीस मिनिटांत तेवीस म्हणजे तासाला त्रेचाळीस. अहवालात एकेचाळीस होते.

“कितीदा?” अण्णांनी विचारलं.

“तेवीस.”

ते वळून स्वयंपाकघरात गेले. आई चटईवर उताणी झोपली होती. खाली आठही माग चालू होते, त्यामुळे कान लावून काही कळण्यासारखं नव्हतं. अण्णा तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी हाताची मागची बाजू तिच्या नाकाखाली धरली. मागाच्या बेअरिंगला ऊब धरली का बघायला ते असाच हात धरतात. मी दारात उभी राहून घड्याळाकडे बघत होते. पंधरा सेकंद. वीस. आईचं पोट वरखाली होत होतं. अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली: काही येत नाही. अठ्ठावीस सेकंदांनी आईचं सगळं अंग हललं, तोंड उघडलं, आणि अण्णांनी हात मागे घेतला.

“तीस वर्षं शेजारी झोपतोय मी,” ते म्हणाले.

आईला जाग आली. “काय झालं? दोघं असे काय बघताय?”

मी तिथंच बसून सांगितलं. सगळं, क्रमानं. ती उठून बसली, केस सारखे केले, ऐकून घेतलं.

“काल काय म्हणालीस?”

“चुकले.”

“मग आज चुकली न्हाईस कशावरनं?”

हा प्रश्न खरं तर मी स्वतःला सोमवारी विचारायला हवा होता. मी म्हणाले, “लाइट नव्हती तेव्हा माग नव्हते. तरी तू थांबत होतीस. आणि आत्ता अण्णांनी हात धरून बघितलं.”

आई अण्णांकडे वळली. “मेलेल्याच्या नाकाला सूत लावून बघतात, तेवढं ठेवलं होतं. ते तरी कशाला बाकी ठेवलंत?”

“मालन…”

“गप बसा.” मग ती माझ्याशी हळू बोलायला लागली, म्हणजे आमच्या घरच्या मानानं हळू. “रेवा, कागद दिलास की डॉक्टरला. त्यांना पटलाय. आता गप राहा. परवा होऊन जाऊ दे ऑपरेशन. नंतर काय ते बघू.”

“भुलीतनं तू उठली नाहीस तर?”

“विलास भुलीशिवायच गेला. त्यानं तो मास्क काढायला बघितला तर त्याचे हात बांधले होते, माहीत आहे तुला? नर्सनं फोनवर सांगितलं मला. ‘पेशंट सहकार्य करत नाहीत म्हणून बांधलेत.’ माझ्या भावाचे हात.”

हे मला माहीत नव्हतं. अण्णांनाही नसावं, कारण ते तिच्या ओठांकडे बघत राहिले.

“मी उद्या मॅडमना सांगणार आहे,” मी म्हणाले.

“ऑपरेशन माझं आहे. तुझं न्हाई.”

“कागद माझा आहे, आई.”

ती उठली आणि तिनं भांडी घासायला घेतली. सकाळीच घासलेली.

बुधवारी मी नेजकर मॅडमना अर्ध्या पानाचा दुसरा कागद दिला. त्यावर फक्त ती बत्तीस मिनिटं, चार ओळी, तेवीस खुणा आणि खाली एक वाक्य: माझा आधीचा निष्कर्ष घोरण्याच्या ओळीपुरताच खरा आहे, बाकी चूक आहे.

“मॅडम, काल तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हणाले. मी त्या ओळी बघितल्या नव्हत्या. नजर टाकली होती.”

त्यांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ धरला.

“आज रात्री मी सरांना तुझंच सांगणार होते,” त्या म्हणाल्या. “मूळ नोंदी मीही मागवायला हव्या होत्या.” मग त्यांनी नर्सला सांगून गुरुवारच्या यादीतून आईचं नाव कमी करायला लावलं.

“पहिला कागद परत घेऊ?” मी विचारलं.

“नाही. फाईलमध्ये आलेला कागद फाईलमध्येच राहतो. त्याच्यावर हा लावते.”

त्यानंतर आई माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी द्यायची, आणि जे सांगायचं ते अण्णांना सांगायची. “तुमच्या मुलीला म्हणावं, भात गार होतोय.” शनिवारी मात्र कोल्हापूरला डॉक्टर अत्तारांकडे जायला ती सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसली. “यायचंय का त्या शास्त्रज्ञबाईंना?” तिनं अण्णांना विचारलं.

अत्तार साठीचे, बारीक अंगाचे, सावकाश बोलणारे. त्यांनी टेबलावरचा रुमाल उचलून त्याची सैल नळी केली. “मालनताई, ही तुमच्या घशातली वाट. जागेपणी स्नायू तिला ताणून धरतात. झोपलात की ते सैल पडतात आणि वाट अशी मिटते.” त्यांनी नळी चिमटीत दाबली. “छाती ओढत राहते, हवा जात नाही. मग मेंदू घाबरून तुम्हाला उठवतो. तुम्हाला ते आठवत पण नाही. तासाला चाळीस वेळा उठवल्यावर दिवसा झोप येणार नाही तर काय होणार?”

“याला मशीनच लागतं का?” आईनं विचारलं.

“दुसरे उपाय आहेत. सगळे सांगतो, मग तुम्ही ठरवा. वजन पंधरा किलो उतरलं तर फरक पडेल, पण त्याला वर्ष जाईल. खालचा जबडा पुढं धरणारी कवळीसारखी वस्तू दाताचे डॉक्टर करून देतात. ती सौम्य विकाराला बरी, आणि तुमच्या खालच्या दाढा नाहीत, ती बसायची कशावर? कुशीवर झोपायचं. ते आजपासून कराच. तुमच्या कूस दाखवणाऱ्या ओळीत दिसतंय, उताण्या झोपल्यावर तासाला पंचावन्न आणि कुशीवर चोवीस. म्हणजे निम्मं काम होतं, पुरं नाही. आणि चौथं, घशाचं ऑपरेशन.”

“त्याला भूल लागते?”

“लागते.”

“भूल झेपत न्हाई म्हणून ऑपरेशन, आणि त्या ऑपरेशनला भूल?”

अत्तार हसले. “म्हणून मी ते चौथं सांगितलं.”

“मग राहिलं मशीन.”

“राहिलं मशीन.”

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिनं त्यांना विलासमामाचं सांगितलं. अकरा दिवस, आणि हात. अत्तारांनी मधे एकदाही तिला थांबवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, “त्यांची फुप्फुसं निकामी होत होती, ताई. बाहेरून ऑक्सिजन ढकलावा लागत होता. तुमची फुप्फुसं ठणठणीत आहेत. या मशीनमध्ये ऑक्सिजन नाही, औषध नाही. तुमच्या खोलीतलीच हवा, थोड्या दाबानं. ती वाट उघडी ठेवते, बस.” त्यांनी कपाटातून एक पट्टी काढली. तिला मास्क म्हणवत नव्हतं. नाकपुड्यांपाशी बसणारे दोन मऊ तुकडे आणि डोक्यामागून जाणारा एक पट्टा. “तोंड मोकळं राहतं. बोलता येतं.”

“आणि काढता येतं?”

“कधीही. एका हातानं.”

आईनं ती पट्टी नाकाशी लावली आणि लगेच एका हातानं काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. डाव्या हातानं. मग डोळे मिटून. मी मोजत होते, सहा वेळा. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण अत्तारांनी घाई केली नाही. सातव्यांदा तिनं लावली ती तशीच राहू दिली आणि म्हणाली, “सुरू करा.”

तिला दिवसा सवय करायला सांगितलं होतं, म्हणून ती लसूण सोलताना मशीन लावून बसायची. शेजारच्या कमलाकाकू पहिल्यांदा बघून दारातच थबकल्या. “अगं बाई, मालन, काय झालं गं तुला?” आई नळीसकट म्हणाली, “सर्व्हिसिंग चाललंय. बसा.” पहिले चार दिवस रात्री तासाभरात ती पट्टी उशाशी पडलेली असायची. दुसऱ्या आठवड्यात पाच तास. मशीनच्या छोट्या पडद्यावर तासाला किती वेळा श्वास अडला त्याचा आकडा रोज यायचा आणि मी तो लिहून ठेवायचे: एकोणीस, अकरा, सहा, चार. रक्तस्राव थांबवायला गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आई माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “सकाळी डोकं दुखायचं ना माझं? ते दुखत न्हाई.” भात गार होत असल्याचंही तेव्हापासून ती थेट मलाच सांगायला लागली.

ऑपरेशन पाच आठवड्यांनी झालं. नेजकर मॅडमनी पूर्ण भूल टाळून पाठीत इंजेक्शन द्यायचं ठरवलं होतं, आणि नंतर वॉर्डात लावायला आईचं मशीन बरोबर घेऊन यायला सांगितलं होतं. ते आत नेताना आईनं दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही. मांडीवर धरून स्ट्रेचरवर बसली.

दीड तासानं मॅडम बाहेर आल्या. अण्णा उठून उभे राहिले. मॅडमनी त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, मोठ्यानं सांगितलं, “सगळं व्यवस्थित झालं. ऑक्सिजन एकदाही पंच्याण्णवच्या खाली गेला नाही.” अण्णांनी हात जोडले आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. “तुझ्या आईनं इंजेक्शनच्या आधी माझा हात धरून ठेवला होता. म्हणाल्या, ‘डॉक्टर, फाईलमध्ये माझ्या मुलीचे दोन कागद आहेत. दुसरा खरा धरा.’ मी म्हटलं, मला माहीत आहे, मी दोन्ही वाचलेत.”

“मग?”

“मग म्हणाल्या, ‘वाचलेत तर बरंच झालं. पण पहिला फाडू नका हं. पोरीनं माझ्यासाठी लिहिला होता तो.’”